अर्धलीची शेळी

आमच्या चिखलीत संध्याकाळी लाईट गेली की गाळ्यांमधली ग्राइंडर आणि वेल्डिंगची मशिनं एकदम गप्प होतात. शेजारपाजारचे वैतागतात, शिफ्टचं काम अडलं म्हणून बडबडतात. मी मात्र उठून गॅलरीचं दार लावून घेते. सगळ्यांना वाटतं, म्हातारी डासांना भिते. वाटू दे. नदीच्या अंगाला, जिथं आता पत्र्याच्या शेड आहेत, तिथून एक बाई शेळीला हाका मारते, असं मी सांगितलं तर सून मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरपुढे उभं करील. ती हाक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीला निर्वासितांची छावणी बसली होती आणि औषधाच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. चिखली मात्र इंद्रायणीच्या काठाला आपली ज्वारी-बाजरी करत पडून होती. माझं माहेर चाकणच्या पलीकडचं. वडिलांनी आंदण म्हणून मला एक शेळी दिली. अंगानं तांबडी, त्यावर पांढरे पट्टे, म्हणून तिला बांडी म्हणायचे. आमच्या माहेरच्या रीतीनं तिच्या डाव्या कानाच्या टोकाला लहानपणीच चीर दिलेली होती आणि गळ्यात एक घंटी होती. घंटीची कडी तुटलेली होती, ती वडिलांनी तारेनं पीळ देऊन बांधली होती.

मला वाटलं, ही माझी शेळी, आता माझ्याच दावणीला राहणार. पण सासूबाईंनी आठ-पंधरा दिवस तिचं दूध काढलं, तिच्या खाण्याची तऱ्हा बघितली आणि एका सकाळी म्हणाल्या, "सूनबाई, ही अर्धलीनं देऊन टाकू."

मी तोंड फुगवलं. नव्या नवरीला तेवढंच हत्यार असतं.

"फुगू नको," त्या म्हणाल्या. "दावणीला बांधली तर एक शेळी. चार घरं फिरली तर चार घरांची चूल. आन् ती तुझीच ऱ्हाणार हाय, कुणी खात न्हाई तिला."

अर्धल म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. शेळी मालकाची, पण पाळायची दुसऱ्यानं. चारापाणी पाळणाऱ्याचं, दूधही पाळणाऱ्याचं. करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी त्याची. ज्याच्याकडे फुटकी कवडी नाही त्यालाही अशानं दोन वर्षांत स्वतःची शेळी होते. सोसायटीचं कर्ज तेव्हाही मिळायचं, पण ते सातबारा बघून. जिच्या नावावर उकिरडासुद्धा नाही तिला सोसायटी दारात उभं करीत नसे. तिला आमच्या सासूबाई होत्या. त्यांची आणखी एक खोड होती. मालकाच्या वाट्याला मादी करडू आलं की ते त्या घरी आणायच्याच नाहीत, परस्पर तिसऱ्या बाईच्या दावणीला बांधायच्या. मी आले तेव्हा गावात पाच-सहा घरं अशी उभी राहिलेली होती, आणि त्या घरांतल्या बाया सासूबाईंना वाटेत बघितलं की डोक्यावरची पाटी खाली ठेवून बोलायच्या.

याला ना कागद होता ना अंगठा. एकच रीत होती. शेळी मेली तर तिचा कान आणून मालकाला दाखवायचा. कान दाखवला की विषय संपला, पाळणाऱ्यावर काही बोजा नाही. कान नसेल तर शेळी विकली किंवा कापून खाल्ली असं धरायचे, आणि मग त्या माणसाला गावात कुणी बियाणं सोडा, उसनी चटणीही देत नसे. रीत जुनी होती आणि सरळ होती. तिच्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणालाच वाटलं नव्हतं.

माझी बांडी ज्या बाईकडे गेली ती गावाच्या टोकाला एका खोपटात राहायची. तिशीची असेल. नवरा जाऊन तीन-चार वर्षं झालेली, पदरात एक मुलगी. मुलगी अजून परकर नीट सावरायला शिकली नव्हती, पण चुलत्यानं तिच्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. बिजवराला आधीच्या बायकोची तीन मुलं होती आणि त्याचे केस पिकले होते. "तुला पोसायला जमत न्हाई तर दे की," असं दीर दर बाजाराच्या दिवशी दारात येऊन सांगायचा. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायचं, मिळेल ते खायचं आणि दिराचं ऐकून घ्यायचं, असं चाललं होतं.

बांडी तिच्याकडे गेली आणि दोन-चार महिन्यांत ती बाई बदलली. पिंपरीला बांधकामावर चहाच्या टपऱ्या पडल्या होत्या, तिथं ती तांब्याभर दूध घेऊन जायची. तिच्याकडच्या पहिल्या वेताला दोन करडं झाली, दोन्ही माद्या. एक सासूबाईंनी तिसऱ्या घरी दिली, एक तिची स्वतःची झाली. ते तिचं करडू ती खोपटात आपल्या अंथरुणाशेजारी बांधायची. एकदा आमच्या ओट्यावर बसून सासूबाईंना म्हणाली, "आक्का, काल दीर आला व्हता. मी म्हनलं, माझी पोरगी मला जड न्हाई. गेला गप."

हे सांगताना तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि हसली. मला ती फार आवडली तेव्हा. माझी शेळी तिच्याकडे गेल्याचा राग माझ्या मनातून गेला तो त्याच दिवशी.

आता विहिरीचं सांगायला हवं. गावाकडून नदीला जाताना डाव्या हाताला एक जुनी, पाणी आटलेली विहीर होती. तिच्यावर घाणेरीचं रान माजलं होतं, इतकं की विहीर आहे हे माहीत असणाऱ्यालाच कळावं. फार वर्षांपूर्वी कुणाची तरी सून तिच्यात गेली होती. तेव्हापासून ती संध्याकाळच्या वेळी लोकांना बोलावते, कधी लेकराच्या आवाजात, कधी वासराच्या, असं म्हणायचे. माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला बजावलं होतं की त्या बाजूनं कसलाही आवाज आला तरी ओ द्यायची नाही आणि मागं वळून बघायचं नाही. गावातली झाडून सगळी माणसं हे पाळायची. शाळा शिकलेले माझे यजमानसुद्धा तिथून जाताना पावलं उचलून टाकायचे आणि मी चिडवलं की खोकला काढायचे.

थंडी सरून गेली होती. एक दिवस दिवेलागणीला सासूबाई नदीवरून धुणं घेऊन आल्या त्या धापा टाकतच. ओलं धुणं ओट्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "आदी मीठमोहरी उतर माझ्यावरनं."

मी चुलीतला विस्तव घेतला, मीठमोहरी त्यांच्यावरून उतरून विस्तवात टाकली. मोहरी तडतडली. मग त्या जरा सावरल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"विहिरीतली ओरडत व्हती," त्या म्हणाल्या. "आज शेळीच्या आवाजात. लई केविलवानं. मला म्हाईत हाय तिचं सोंग. मी वळून बगितलं न्हाई."

आम्ही दोघींनी त्या रात्री दाराला आतून कडी घातली, आणि त्यांनी रडल्यासारखा तो आवाज मला काढून दाखवला. आज या वयातही मोहरी तडतडली की मला तो त्यांचा आवाज ऐकू येतो. म्हणून मी फोडणी सुनेला घालायला सांगते.

दुसऱ्या संध्याकाळी नदीच्या बाजूनं हाका ऐकू आल्या. "ये गं बांडे... ये गं, ये..." बाईचा आवाज होता. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हात तोंडावर ठेवला. विहिरीतली आता बाईच्या आवाजात शेळीला बोलावतेय, असंच आम्हाला वाटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. गावात कुजबुज झाली. गुरं लवकर घरी आणा, असं एकमेकांना सांगू लागले. नदीकडे जायची हिंमत कुणीच केली नाही.

त्यानंतरच्या सकाळी ती बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. पायांना काटे लागून रक्त सुकलेलं, लुगडं फाटलेलं. बांडी हरवली होती. ती रानात तिला खुंट्याला बांधून पाण्याला गेली, आणि परत आली तर दावं तुटलेलं. आपल्याला काय म्हणतील या भीतीनं ती कुणाला बोलली नव्हती, एकटीच शोधत, हाका मारत फिरत होती. त्या हाका तिच्या होत्या.

हाका तिच्या होत्या, इथवर आम्हाला कळलं. त्याच्या पुढचं कुणाला सुचलं नाही. बाईचा आवाज खरा निघाला, मग शेळीचा आवाजही खरा असेल, हे सासूबाईंच्या डोक्यात आलं नाही. ती शेळी अजून जिवंत असेल तर, हेही नाही. आम्ही सगळ्यांनी डोळे झाकून त्या विहिरीला वळसा घातला, शोधायला गेलेल्या माणसांनीही. घाणेरी सोडून सगळं रान पालथं घातलं, लष्कराच्या तारेच्या कुंपणापर्यंत जाऊन आले. शेळी मिळाली नाही.

"तरसानं नेली आसंल," कुणीतरी म्हणालं.

"तरसानं नेली तर हाडं-कातडं सापडंल. कान सापडंल," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर कडक नव्हता. त्यांनी तिला भाकरी खायला घातली, आणि वर म्हणाल्या, "शोध. घाई न्हाई. पन कान दिसल्याबिगर मी तरी काय करू? आज तुला सोडलं तर उद्या बाकीच्या काय म्हनतील?"

हेही खरंच होतं. बाकीच्या पाच-सहा घरांच्या बाया पदराआडून बघत होत्या. पिंपरीच्या छावणीत मटणाला गिऱ्हाईक होतं आणि शेळीला चांगला भाव येत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती दूध घेऊन रोज तिकडेच जायची, हेही ठाऊक होतं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. अंगणात बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. तिनं पदराची गाठ सोडली आणि एक कान सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. पांढरट तांबडा, डावा, टोकाला चीर दिलेला.

माझी बांडी मेली, हे तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं. सासूबाईंनी कान उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखा भाव आला, तो मी नीट पाहिला आहे. मग त्यांनी सवयीनं अंगठा कानाच्या कडेवरून फिरवला आणि चिरीपाशी थांबल्या. पुन्हा फिरवला. लहानपणी दिलेली चीर भरून येते, तिच्या कडा जाड होतात, त्यांवर केस उगवतात. या कानाची चीर कच्ची होती. कालची नाहीतर परवाची.

"ह्यो कान कुनाचा?" सासूबाईंनी विचारलं.

तिनं लपवलं नाही. छावणीतल्या खाटकाकडून मागून आणला होता. चीर तिनंच घरी विळ्यावर दिली होती.

"कान दुसरीचा हाय, आक्का. पन बांडी मेली. म्या विकली न्हाई. पोरीची आन."

"मेली हे तुला कुनी सांगितलं?"

"जीव सांगतोय."

"तुझ्या जिवाचा कान हाय का?" सासूबाई म्हणाल्या. शेंगा फोडणारी एक बाई फिस्सकन हसली. "आगं, मोकळ्या हातानं आली असतीस तर एक वेळ मी इस्वास ठेवला असता. खोटा कान आनलास. आता तुझं कुठलं खरं म्हनू मी?"

मला आजही वाटतं, ती मोकळ्या हातानं आली असती तर सासूबाईंनी विश्वास ठेवला नसता. ठेवायला त्यांना जागाच नव्हती. पण तिनं काय करावं? खरं सांगत होती, आणि खऱ्याला कान लागत होता. तो नव्हता, म्हणून तिनं आणला. तिच्या जागी मी असते तर मीही छावणीतच गेले असते.

रीतीप्रमाणे तिचं ते करडू आमच्याकडे आलं, भरपाई म्हणून. ते आणायला यजमान गेले होते. ते परत आले आणि जेवले नाहीत. मुलीनं करडाच्या गळ्याला मिठी मारली होती, ती त्यांना सोडवावी लागली. खुरपायला तिला कुणी बोलवेना. दीर पुन्हा दारात यायला लागला. पुढच्या बाजाराच्या दिवशी खोपटाचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मुलीला घेऊन ती कुठंतरी निघून गेली होती. दिराला पोरगी द्यायची नाही म्हणून पळाली, असं लोक म्हणाले. चोरीची लाज वाटली म्हणून पळाली, असं त्याच तोंडांनी म्हणाले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गोठ्याच्या भिंतीला दगड हवे होते. माझ्या यजमानांनी भूतबीत काही नाही असं दहा वेळा मोठ्यानं म्हणून, चार गडी सोबत घेऊन, भर दुपारी त्या विहिरीवरची घाणेरी तोडली. तळाशी हाडं होती. शेळीची. गळ्याच्या हाडांत घंटी अडकलेली होती.

ती घंटी त्यांनी आणून माझ्या हातात दिली. मला सांगावं लागलं नाही. तारेचा पीळ माझ्या वडिलांच्या हातचा होता.

सासूबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. घंटी बघून त्यांचा हात थांबला. मग अगदी हळू म्हणाल्या, "ती बांडी व्हती गं. मला वळखून वरडत व्हती. धुण्याची पाटी घेऊन मी रोज तिच्या दावणीवरनं जायची, माझ्या पायांचा आवाज ठावा व्हता तिला." आणि थोड्या वेळानं, "तवा जित्ती व्हती."

मी त्यांचा हात धरला. मला त्यांची भीती वाटली, दयाही आली. त्या दिवसापासून आमच्या घरात संध्याकाळचं दार लोटणं बंद झालं. दिवेलागणीला त्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि नदीकडे कान लावायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "हाक आली तर ओ द्यायला कुनीतरी पायजे." विहीर तेव्हा मोकळी झाली होती, तळाचा दगड दिसत होता. तरी हाक यायची. त्यांनाही यायची आणि मलाही. आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही की तुला आली का. फक्त माझा हात थांबायचा आणि त्यांचाही.

गावात एक गोष्ट आपोआप झाली. अर्धलीच्या शेळ्या एकेक करून आमच्या दारात परत आल्या. बाया दावं ओट्याच्या खांबाला बांधायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या आक्का. उद्या कुठं हारवली तर मी कान कुठनं आनू?" सासूबाईंनी कुणाला अडवलं नाही. ज्या बाया पाटी खाली ठेवून बोलायच्या त्या आता मान डोलावून पुढे जाऊ लागल्या. त्यातल्या दोघी पुन्हा लोकांच्या शेतात खुरपायला लागल्या, आणि एकीच्या लेकरांना मी त्या पावसाळ्यात नुसत्या कण्या खाताना बघितलं.

आणलेलं ते करडू आता शेळी झालं होतं. सासूबाईंनी तिच्या दुधाला हात लावला नाही. "ही तिची हाय. आपल्याकडं अर्धलीनं हाय," असं त्या म्हणायच्या. शेळी व्याली, एक बोकड झाला. तो विकून आलेल्या पैशांतले निम्मे त्यांनी एका फडक्यात बांधून कणगीत ठेवले. आमच्या दारावरून कुणी मजूर, वडार, भट्टीवाला गेला की त्याला थांबवून पाणी द्यायच्या आणि तिची चौकशी करायच्या. अशी बाई, अशी मुलगी. माणसं पाणी प्यायची आणि मान हलवायची.

शेवटी एका बैलगाडीवाल्यानं सांगितलं की काळेवाडीला पवना नदीच्या काठी वीटभट्टी आहे, तिथं अशी एक बाई विटा वाहते.

आम्ही दोघी पहाटे निघालो. सासूबाईंनी शेळीचं दावं स्वतःच्या हातात धरलं, मला धरू दिलं नाही. पदराच्या गाठीत घंटी आणि फडकं होतं. उन्हाळा होता, पवनेला गुडघाभर पाणी होतं. नदी ओलांडताना शेळी बिचकली तर त्यांनी तिला उचलून घेतलं. साठीच्या बाईनं शेळी उचललेली पाहून भट्टीवरचे लोक हसले.

ती विटांच्या रचलेल्या भिंतीमागून आली. मी तिला ओळखलं नसतं. केसांवर, पापण्यांवर राख होती आणि ती आमच्याकडे पाहुण्यांकडे बघावं तशी बघत होती. सासूबाईंनी घंटी काढून तिच्यापुढे धरली.

"विहिरीत घावली," त्या म्हणाल्या. "तू खरी व्हतीस. म्या वरडन्याचा आवाज आयकला व्हता त्या दिवशी. भूत म्हनून सोडून दिला."

तिनं घंटी घेतली, तारेवरून बोट फिरवलं आणि परत दिली. रडली नाही. मी तिच्या रडण्याची वाट बघत होते, म्हणजे मला रडता आलं असतं.

"पोरगी?" सासूबाईंनी विचारलं.

"दिली."

"कुनाला?"

"त्यालाच. हितं येऊन शोधून काडलं दिरानं. मी काय खाऊ घालनार व्हते?"

सासूबाई मटकन एका विटेवर बसल्या. मग फडकं पुढे केलं. शेळीचं दावं पुढे केलं. "ही तुझी. तुझंच करडू हाय हे. ठेव."

ती शेळीजवळ बसली. शेळीनं तिचं तोंड हुंगलं. तिनं शेळीचा डावा कान हातात घेतला. त्याला चीर नव्हती, सासूबाईंनी ती कधी दिलीच नव्हती. फडक्याला तिनं हात लावला नाही.

"माझं काय न्हाई, आक्का," ती म्हणाली. "अर्धलीनं ठेवती. करडं झाली तर निम्मी तुमची. मेली तर कान पाठवीन."

"कान नगं गं मला. मेली तर मेली."

"न्हाई. रीत हाय."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. मुकादमानं हाक मारली, तशी तिनं शेळी खोपटाच्या खांबाला बांधली आणि विटा उचलायला निघून गेली. परतीच्या वाटेवर सासूबाई नदीत मध्येच थांबल्या आणि मागं वळून बघितलं. मीही बघितलं. भट्टीच्या धुराशिवाय काही दिसत नव्हतं.

पाऊसकाळ गेला. दिवाळीच्या आधी एक भट्टीवाली पोर आमच्या दारात आली. अंगावर राख, हातात चिंधीची पुरचुंडी. चिखलीतल्या आक्कांचं घर हेच का, म्हणून तिनं विचारलं. शेळी रोगानं मेली, असं सांगितलं आणि पुरचुंडी ओट्यावर ठेवली.

सासूबाईंनी ती सोडली. आत डावा कान होता. वाळलेला, मीठ लावून ठेवलेला, चीर नसलेला.

"आनखी काय म्हनाली ती?"

"म्हनली, आक्कांना नीट बगू दे. खरा हाय का ते इचारून ये," पोर म्हणाली आणि उभी राहिली. तिला उत्तर घेऊन परत जायचं होतं.

सासूबाईंनी कान पदरात घेतला. त्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला नाही. पोर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी मीच म्हणाले, "सांग तिला, खरा हाय." सासूबाईंनी मान हलवली. पोर वळली आणि पिंपरीच्या वाटेला लागली, आणि सासूबाई उंबऱ्यात तशाच उभ्या राहून "खरा हाय, खरा हाय" म्हणत राहिल्या, ती दिसेनाशी झाल्यावरसुद्धा.